आजारपण, बाळंतपण आणि घरचं दुखणं: कोल्हापुरातल्या नोकरदाराने रजा कशी मिळवावी

आधी कडू गोष्ट सांगून टाकतो. तुम्ही स्वतः आजारी पडलात किंवा बाळंतपण आलं, तर त्यासाठी कायद्यात जागा आहे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, वडिलांचं डायलिसिस, पोराचा डेंग्यू, बायकोची डिलिव्हरी यांसाठी मात्र खाजगी नोकरीत वेगळी रजा देणारा कायदा आपल्याकडे नाही. तो वेळ तुमच्या नेहमीच्या पगारी रजांतूनच काढावा लागतो. त्यामुळे प्रश्न दोन. जी रजा हक्काची आहे ती कागदावर कशी आणायची, आणि जी हक्काची नाही तिच्यासाठी शिल्लक कुठून ठेवायची.

मी बरीच वर्षं शिरोलीकडच्या एका कारखान्यात टाइम ऑफिस सांभाळलं. तिथे दिसलेलं असं, की रजा नाकारल्यामुळे जेवढ्यांचं नुकसान होतं त्याहून जास्त लोकांचं नुकसान ती तोंडी मागितल्यामुळे होतं. सुपरवायझर "जा रे, बघू नंतर" म्हणतो आणि महिनाअखेर मस्टरवर खाडा लागलेला असतो.

तुम्ही कुठल्या कायद्यात बसता?

पगाराची स्लिप काढा. त्यात ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा या कामगारांच्या सरकारी विम्याची, कपात आहे का बघा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात-दुकानात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय लागू असतं (अपंग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० आहे). कामगाराकडून पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के. म्हणजे १५,६०० पगार असेल तर तुमचे ११७ रुपये कापले जायला हवेत आणि मालकाचे ५०७ वर जायला हवेत. ठेकेदाराकडून कामाला लागला असाल तरी हे लागू आहे. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर ईएसआयच्या लेखी जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

स्लिपच मिळत नसेल तर उमंग ॲपवर किंवा ईएसआयच्या संकेतस्थळावर विमा क्रमांक टाकून किती दिवसांची वर्गणी भरली गेली ते दिसतं. हे आजारी पडायच्या आधी बघायचं काम आहे. कापून घेतलेले पैसे न भरणं हा मालकाचा फौजदारी गुन्हा आहे. पण तुम्ही दवाखान्यात कॉटवर असताना तो सिद्ध करत बसणं कुणाला जमत नाही.

पगार २१,००० च्या वर असेल तर ईएसआय नाही. मग आजारपणासाठी कंपनीच्या रजा, आणि बाळंतपणाचा पगार थेट मालकाकडून. इथे एक बारीक गोष्ट आहे. एप्रिलची सहामाही सुरू झाल्यावर मधेच पगारवाढ होऊन तुम्ही मर्यादेच्या वर गेलात तरी सप्टेंबरअखेर वर्गणी चालूच राहते, आणि त्या वर्गणीवरचा लाभ पुढच्या जून अखेरीपर्यंत मिळतो. "आता तू ईएसआयमधून बाहेर गेलास" हे ऐकून कार्ड फेकून देऊ नका.

कायद्यांची नावंही बदलली आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, आणि १९४८ चा ईएसआय कायदा, १९४८ चाच कारखाने कायदा, १९६१ चा मातृत्व लाभ कायदा हे सगळे त्यांत गेले. ऑफिसात कुणी "जुना कायदा रद्द झाला, आता ते काही नाही" असं सांगितलं तर मान हलवू नका. बाळंतपणाचे २६ आठवडे, दहा कामगारांची अट, नोकरीवरून न काढण्याचं संरक्षण, हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत तसंच आलं आहे. वार्षिक पगारी रजेत तर कामगाराचा फायदा झाला. पूर्वी वर्षात २४० दिवस भरावे लागत, आता १८० भरले की दर २० दिवसांना एक दिवस रजा लागते.

आजारपणाची रजा: ईएसआय असेल तर

ईएसआयकडून आजारपणाच्या काळात सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. सहामाहीचा हिशेब लोकांना गोंधळात टाकतो, म्हणून नीट सांगतो. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये भरलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा लाभ. मार्चमध्ये पाय मोडला तर फेब्रुवारीत किती खाडे केले हे बघत नाहीत, आदल्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवस भरले का ते बघतात. नवीन लागलेल्याला पहिले काही महिने आजारपणाचे पैसे मिळत नाहीत, औषधोपचार मात्र पहिल्या दिवसापासून मिळतात.

आता क्रम. आजारी पडल्यावर ईएसआयच्या दवाखान्यात किंवा तुमच्या नावासमोर असलेल्या पॅनेल डॉक्टरकडे जा. तिथे तपासून घेतल्यावर डॉक्टर सर्टिफिकेट देतात, ते फॉर्म ७. त्यावर कुठल्या तारखेपासून काम करायला असमर्थ आहात ते लिहिलेलं असतं. तारीख वाचा. डॉक्टरांकडे तुम्ही तिसऱ्या दिवशी गेलात तर आधीचे दोन दिवस आपोआप धरले जात नाहीत. दुखणं लांबलं तर पुढचं सर्टिफिकेट वेळेत घ्यायचं, मधे खंड पडू द्यायचा नाही. बरं झाल्यावर शेवटचं सर्टिफिकेट, त्याच्यावर कामावर जाण्याची तारीख असते. पैशांसाठी फॉर्म ९ भरून शाखा कार्यालयाकडे मागणी करायची, रक्कम बँक खात्यात येते.

पहिले दोन दिवस ईएसआय पैसे देत नाही, ते प्रतीक्षेचे दिवस. आधीचं आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा पडलात तर ही अट लागत नाही. रोज ६०० रुपये सरासरी असलेला माणूस १५ दिवस आजारी पडला तर १३ दिवसांचे, दिवसाला ४२० प्रमाणे ५,४६० रुपये होतात. मग ते दोन दिवस बुडवायचे कशाला? त्या दोन दिवसांसाठी कंपनीत पगारी रजेचा अर्ज द्या. मात्र ज्या दिवसांचे पैसे ईएसआयकडून घेताय त्याच दिवसांचा पगार कंपनीकडून घ्यायचा नाही. तसंच त्या काळात "दोन तास येऊन मशीन चालू करून दे" म्हणून बोलावलं तर जायचं नाही. पंचिंगची एक नोंद सापडली की लाभ थांबतो.

खाजगी दवाखान्यात ॲडमिट व्हावं लागलं तर? होतं, रात्री छातीत दुखायला लागल्यावर कुणी पॅनेल डॉक्टर शोधत बसत नाही. पण खाजगी डॉक्टरचं सर्टिफिकेट ईएसआयला आपोआप चालत नाही. डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, बिलं सगळं घेऊन शक्य तितक्या लवकर ईएसआयच्या डॉक्टरकडे जा आणि त्यांच्या सर्टिफिकेटवर ते आणा. स्वतः उठता येत नसेल तर घरच्या माणसाला कागद घेऊन पाठवा.

टीबी, कॅन्सर, अर्धांगवायू असे ३४ दीर्घ आजार वेगळे धरले आहेत. त्यांत ९१ दिवसांनंतरही दोन वर्षांपर्यंत ८० टक्के दराने पैसे मिळू शकतात, पण आधी दोन वर्षं नोकरी आणि चार सहामाहींत मिळून १५६ दिवसांची वर्गणी हवी. कामावर झालेली दुखापत याहून वेगळी. तिला वर्गणीच्या दिवसांची अटच नाही, पहिल्या दिवशी बोट गेलं तरी ९० टक्के मिळतात. म्हणून कारखान्यात अपघात झाला की अपघाताचा रिपोर्ट त्याच दिवशी झाला पाहिजे, आणि तो "घरी पडला" असा लिहिला जाऊ देऊ नका. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगरच्या फाउंड्रीवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. वाळूच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा व्यवसायजन्य आजार आहे. खोकला लांबला, एक्स-रेत डाग दिसला, की "तंबाखू सोड" एवढ्यावर समाधान मानू नका. तुम्ही मोल्डिंगवर किंवा फेटलिंगवर किती वर्षं आहात हे डॉक्टरला सांगा आणि ते केसपेपरवर लिहून घ्या.

आजारपणाच्या सर्टिफिकेटवर असताना मालकाने कामावरून काढणं, पद खाली करणं किंवा शिक्षा करणं बेकायदा आहे. हे संरक्षण सर्टिफिकेटला आहे, तुमच्या सांगण्याला नाही.

ईएसआय नसेल तर

मग कंपनीच्या पगारी रजा. कारखान्यात वर सांगितलेली वार्षिक रजा मिळते. तिच्यासाठी साधारणपणे पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागे, पण आजारपणासाठी आधी अर्ज दिला नाही म्हणून ती नाकारता येत नाही, हे जुन्या कारखाने कायद्यातच स्पष्ट होतं. शिल्लक रजा ३० दिवसांपर्यंत पुढच्या वर्षी जाते. तुम्ही मागितली आणि मालकाने नाकारली असेल, तर ती ३० च्या मर्यादेत धरत नाहीत. याचा फायदा घ्यायचा तर नकार लेखी हवा.

दुकान, शोरूम, हॉटेल, ऑफिस, क्लास यांना महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो. त्यात वर्षाला ८ किरकोळ रजा, तीन-तीन महिन्यांनी खात्यावर जमा होणाऱ्या, आणि वर्षअखेर उरल्या तर जाणाऱ्या. शिवाय २४० दिवस भरले की दर २० दिवसांना एक अर्जित रजा, ती ४५ पर्यंत साठते. वर ८ सणांच्या पगारी सुट्ट्या. हा कायदा दहा कामगारांपासून लागू होता, ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला. महाद्वार रोडवरच्या किंवा गुजरीतल्या चार-पाच माणसांच्या दुकानात त्यामुळे सगळं मालकाच्या मनावर राहतं. इचलकरंजीत तर एकाच शेडमधले माग घरातल्या तिघांच्या नावावर दाखवून कामगारांचा आकडा दहाच्या आत ठेवायची पद्धत जुनीच आहे. अशा ठिकाणी काम करत असाल तर मालक एक, जागा एक, हजेरी एक, याचे पुरावे जमवा. त्याशिवाय दहाचा आकडा सिद्ध होत नाही.

अर्ज कसा लिहायचा

लोक भावनिक अर्ज लिहितात. "कृपया मला सहकार्य करावे ही नम्र विनंती" यात रजा कुठली, किती, कधीपासून, हे शोधावं लागतं. एवढंच लिहा:

"प्रति, व्यवस्थापक. विषय: आजारपणासाठी रजा. मी मशीन शॉप विभागात टोकन क्रमांक अमुक वर काम करतो. मला दि. ६ पासून टायफॉइड झाला असून डॉक्टरांनी दि. २० पर्यंत विश्रांती सांगितली आहे. दि. ६ व ७ साठी माझ्या खात्यातील पगारी रजा मंजूर करावी. दि. ८ पासून मी ईएसआयच्या आजारपण लाभावर आहे. सर्टिफिकेटची प्रत जोडली आहे. मुदत वाढल्यास कळवीन."

दोन प्रती काढा. एकीवर ऑफिसची सही, तारीख आणि शिक्का घ्या, तीच पोहोच. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. ते जमेपर्यंत सुपरवायझरला किंवा एचआरला व्हॉट्सॲपवर अर्जाचा आणि सर्टिफिकेटचा फोटो टाका. फोन केलात तर तो ठेवल्यावर एक ओळ लिहा: "साहेब, आत्ता बोलल्याप्रमाणे मी सोमवारपर्यंत रजेवर आहे." त्यांनी नुसतं "ओके" पाठवलं तरी ते उपयोगी पडतं. मूळ सर्टिफिकेट मात्र हातचं सोडू नका, प्रत द्या.

बाळंतपण

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या बाईला २६ आठवडे पूर्ण पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील तर पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडे. तीन महिन्यांहून लहान बाळ दत्तक घेणारीला आणि सरोगसीतून मूल झालेल्या आईला १२ आठवडे. गर्भपात झाला तर ६ आठवडे, नसबंदीच्या शस्त्रक्रियेला २ आठवडे, गरोदरपणातून आलेल्या आजारासाठी वर आणखी एक महिना. गर्भपाताची रजा मागायला बायका संकोचतात आणि चार दिवसांत कामावर येतात. सर्टिफिकेटवर तपशील लिहिलेला असला तरी तो शॉप फ्लोअरवर वाचून दाखवायची गरज नसते. पाकीट बंद करून एचआरला द्या.

२६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, रविवार धरून. आठवड्यात रविवारही येतो आणि त्याचेही पैसे द्यायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच ठरवून टाकलं आहे. ईएसआय असलेल्या बाईला हे पैसे ईएसआयकडून मिळतात, त्यासाठी ७० दिवसांची वर्गणी पुरते. ईएसआय नसेल तर मालकाने द्यायचे. बाळंतपणाआधीच्या काळाचे पैसे गरोदरपणाचा पुरावा दिल्यावर आगाऊ, आणि उरलेले बाळंतपणाचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. बाळंतपणाची वैद्यकीय सोय मालकाने मोफत केली नसेल तर ३,५०० रुपये वेगळे.

नोटीस लेखी द्यावी, त्यात कुठल्या तारखेपासून रजेवर जाणार आणि पैसे कुणाच्या नावाने द्यायचे ते लिहावं. आधी राहून गेली तर बाळंतपणानंतर लवकरात लवकर दिली तरी चालते, आणि नोटीस दिली नाही म्हणून हक्क जात नाही. बाळंतपणानंतरचे ६ आठवडे तर बाईला कामावर ठेवायलाच बंदी आहे. ती स्वतः हो म्हणाली तरी.

परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजायला सुट्टी. पन्नास माणसं असतील तिथे पाळणाघर. कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीतही पाळणाघराची मागणी कुणी केली की "अहो, एवढ्या बायका कुठे आहेत?" असं उत्तर मिळतं. पन्नासचा आकडा बायकांचा नाही, एकूण माणसांचा आहे.

अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर असलेल्या नर्स, शिक्षिका, लॅब टेक्निशियन यांनी एक निकाल लक्षात ठेवावा. कराराची मुदत मधेच संपली तरी मातृत्व लाभ पूर्ण मुदतीचा द्यावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिल्लीतल्या एका डॉक्टरच्या प्रकरणात सांगितलं. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ आहे, हे तर २००० सालीच ठरलं.

यातल्या कशातच न बसणाऱ्या बायकांसाठी रजा नाही, थोडी रक्कम आहे. बांधकाम कामगार मंडळात नोंद असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना नैसर्गिक प्रसूतीसाठी १५,००० आणि सिझेरियनसाठी २०,००० रुपये. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अंगणवाडी किंवा आशाताईंकडे चौकशी करा.

घरच्यांच्या दुखण्यासाठी

खाजगी नोकरीत वडील होणाऱ्याला रजा देणारा कायदा नाही. सासूबाईंना घेऊन सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, चार दिवस बसायचं तर तीही रजा तुमच्याच खात्यातली. मग करायचं काय? पहिलं म्हणजे नेमणूकपत्र आणि कंपनीचे स्थायी आदेश (नोकरीच्या अटींची लेखी नियमावली) वाचा. मोठ्या कंपन्यांत युनियनच्या करारात पितृत्व रजा किंवा घरातल्या गंभीर आजाराची रजा असते, आणि करारात लिहिलेलं ते मागायचा तुमचा हक्क आहे. दुसरं, ठरलेल्या ऑपरेशनसाठी अर्जित रजेचा अर्ज पंधरा दिवस आधीच देऊन ठेवा. अचानक मागितलेली किरकोळ रजा नाकारणं सोपं असतं, तारखेसह आधी दिलेली नाकारायला कारण लिहावं लागतं. तिसरं, शिल्लक. जोतिबाची चैत्र यात्रा, मे महिन्यातली लग्नं, मग गणपती, यांतच आपल्या रजा जातात आणि दिवाळीत आई पडली की बिनपगारीशिवाय पर्याय उरत नाही. घरात म्हातारी माणसं असतील तर पाच-सहा अर्जित रजांना हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि सगळंच संपलं असेल तर बिनपगारी रजा तरी मंजूर करून घ्या. मंजूर बिनपगारी रजेवर गैरहजेरीची नोटीस निघत नाही, न सांगता केलेल्या खाड्यावर निघते.

ईएसआय असलेल्याला एवढा दिलासा, की रजा नसली तरी बायको-मुलांचा आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांचा उपचार त्याच कार्डावर होतो. त्यांची नावं कार्डात चढवली आहेत का, ते आजच बघा.

सरकारी नोकरांचं बरं आहे, त्यांच्याबद्दल थोडक्यात. राज्य कर्मचाऱ्यांना १९८१ च्या रजा नियमांनुसार वर्षाला ३० अर्जित आणि २० अर्धवेतनी रजा मिळतात. वैद्यकीय सर्टिफिकेटवर अर्धवेतनी रजा पूर्ण पगारात परिवर्तित करून घेता येते, फक्त खात्यातून दुप्पट दिवस जातात. प्रसूती रजा १८० दिवस, आणि २०१८ पासून महिलांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा. पोस्टासारख्या केंद्रीय खात्यात बालसंगोपनाचे ७३० दिवस आणि वडिलांना १५ दिवस पितृत्व रजा आहे.

नाकारलं तर

आधी कंपनीला लेखी विचारा: कुठली रजा, कुठल्या कारणाने नाकारली. उत्तर आलं नाही तर कोल्हापुरातल्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. सोबत स्लिप, सर्टिफिकेट, पोहोच आणि व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जोडा. ईएसआयची अडचण असेल तर शाखा कार्यालय, तिथे दाद लागली नाही तर १८००-११-२५२६ हा मोफत क्रमांक. गरोदरपणात किंवा बाळंतपणाच्या रजेवर असताना कामावरून काढलं तर त्याविरुद्ध अपील करायला ६० दिवस असतात. गावाकडे जाऊन बाळाचं बारसं करून मग बघू म्हणाल तर मुदत निघून जाते.

वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल तर कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. सगळ्या महिलांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कामगार न्यायालय कोल्हापुरात आहे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही इथेच बसतं. मालकाची "मुंबईपर्यंत खेचीन" ही धमकी तेवढी बोथट झाली.

परत कामावर जाताना फिटनेस सर्टिफिकेट द्या आणि रुजू झाल्याची तारीख लेखी घ्या. लांब रजेनंतर काही ठिकाणी दोन कागद पुढे केले जातात. एक राजीनामा, "फक्त रेकॉर्डसाठी, परत घेतो की तुला". दुसरं नव्या तारखेचं नेमणूकपत्र. दोन्हींवर सही करू नका, वाचायला घरी नेतो म्हणा आणि फोटो काढून घ्या. राजीनाम्यावर तुमची सही असली की काढून टाकल्याची तक्रार उभीच राहत नाही, आणि नव्या नेमणूकपत्राने आधीची सर्व्हिस तुटते. ग्रॅच्युइटीची पाच वर्षं मग पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागतात.